विद्यार्थ्यांची इतिहास मंडळे : खंड आणि पुनरारंभ

महाविद्यालयातील इतिहास मंडळाचे आयुष्य बहुधा एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या बदलीपुरते किंवा निवृत्तीपुरते असते. जून-जुलैमध्ये पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होते, गणेशोत्सवानंतर एखादे व्याख्यान होते, डिसेंबरात किल्ल्याची सहल निघते आणि परीक्षा जवळ आल्या की कार्यवाह वही मिटतो. दोन-तीन वर्षे हा क्रम चालतो. मग तो प्राध्यापक जातो, मंडळाचे विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीच्या शोधात पांगतात आणि पुढच्या वर्षी सूचनाफलकावर मंडळाचे नावही दिसत नाही. काही वर्षांनी दुसऱ्या कोणाला तीच कल्पना सुचते आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा होतो. पहिल्या मंडळाने काय केले, कोणत्या गावी कोणता शिलालेख पाहिला, कोणाच्या घरी कोणते दप्तर आढळले, याची एक ओळही नव्या मंडळाच्या हाती पडत नाही.

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक ग्रंथात या विषयाला जागा असावी, याचे कारण उघड आहे. विद्यार्थी विद्यापीठात दोन-तीन वर्षे राहतो, ग्रंथालय शंभर वर्षे राहते. खंडित झालेले इतिहास मंडळ पुन्हा उभे करायचे असेल, तर नुसत्या उत्साहाने ते होत नाही. मागच्यांनी करून ठेवलेले काही काम कोठे तरी शिल्लक असावे लागते. धारवाड, पुणे आणि मुंबई येथील गेल्या शतकाचा अनुभव हेच सांगतो.

धारवाडची भूमी इतिहासाच्या अभ्यासाला नवखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर वॉल्टर इलियट यांनी या भागात नोकरीस असताना शेकडो शिलालेखांच्या नकला करवून घेतल्या. शतकाच्या उत्तरार्धात जॉन फेथफुल फ्लीट यांनी या जिल्ह्यांतील ताम्रपट आणि शिलालेख वाचून मुंबई इलाख्यातील कानडी जिल्ह्यांच्या राजघराण्यांचा इतिहास सिद्ध केला. हे दोघेही सरकारी अधिकारी होते. त्यांचे काम मोठे असले, तरी गावातील माणूस त्यात सहायकापलीकडे नव्हता. आपला इतिहास आपण शोधावा ही जाणीव पुढे आली. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, टिळकांच्या विचारांनी भारावले आणि धारवाडला परतल्यावर त्यांनी संघाच्या कार्यात स्वतःला वाहून घेतले. १९१४ साली त्यांनी इतिहास संशोधनासाठी स्वतंत्र मंडळ काढले आणि १९१७ साली त्यांचा 'कर्नाटक गतवैभव' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. टिळकांचे 'गीतारहस्य' कन्नडमध्ये आणणारेही हेच आलूर. पुण्याच्या वातावरणात पेटलेली वात धारवाडात कन्नड भाषेचा दिवा लावून गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

धारवाडात कर्नाटक महाविद्यालय सुरू झाले ते १९१७ साली, म्हणजे आलूरांच्या मंडळानंतर तीन वर्षांनी. विद्यापीठ तर त्याहून तीन दशके दूर होते. मंडळ आधी आले, महाविद्यालय नंतर. पुढे १९२२ च्या सुमारास द. रा. बेंद्रे यांच्याभोवती 'गेळेयर गुंपू' म्हणजे मित्रमेळा जमला. तो साहित्याचा मेळा होता, पण तरुणांनी एकत्र बसून वाचावे, एकमेकांचे लेखन ऐकावे आणि छापावे, ही रीत तीच होती. अशा मंडळांना इमारत, अनुदान आणि पदाधिकारी यांची गरज मागाहून भासते. आरंभी लागतात ती ठरलेल्या दिवशी जमणारी चार माणसे आणि त्यांच्यासमोर असलेले एक काम.

या बाबतीत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा दाखला पुन्हा पुन्हा द्यावासा वाटतो. ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ते स्थापन केले. राजवाड्यांचा पिंड संस्था सांभाळण्याचा नव्हता. मतभेद झाल्यावर ते मंडळापासून दूर गेले, धुळ्यास राहिले आणि १९२६ च्या अखेरीस तेथेच त्यांचे निधन झाले. संस्थापक निघून गेल्यावर संस्था कोसळावी, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. पुण्याचे मंडळ मात्र टिकले. दत्तो वामन पोतदारांसारखा कार्यवाह त्याला लाभला, हे एक कारण झाले. दुसरे कारण मंडळाच्या कार्यपद्धतीत होते. ठरावीक दिवशी सभा भरे, सभेत कोणी तरी एक अस्सल कागद, एक नाणे किंवा एका लेखाचे वाचन सादर करी, त्यावर चर्चा होई आणि त्याचा वृत्तान्त छापला जाई. वार्षिक इतिवृत्ते, संमेलनवृत्ते आणि पुढे त्रैमासिक अशी ही परंपरा वाढली. सभेस येणाऱ्या सामान्य सभासदालाही ठाऊक असे की, आपण आणलेला एक कागद वाया जाणार नाही. ग. ह. खरे यांच्यासारखा अनेक लिप्या आणि भाषा स्वतः आत्मसात करणारा संशोधक याच वातावरणात घडला. १९३५ साली मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुण्यात भरलेल्या परिषदेतूनच पुढची अखिल भारतीय इतिहास परिषद उभी राहिली. पाक्षिक बैठकीतील टिपणापासून देशव्यापी परिषदेपर्यंतचा हा प्रवास पंचवीस वर्षांचा आहे.

मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयात फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली भारतीय इतिहास संशोधन संस्था सुरू केली. तिचा गाभा विद्यार्थी हाच होता. हेरासांच्या एका विद्यार्थ्याने, जॉर्ज मोराएस यांनी, कदंब घराण्यावर 'कदंब कुल' हा ग्रंथ लिहिला आणि तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. बनवासी, हळशी, गोवा आणि धारवाड यांना एका सूत्रात बांधणाऱ्या या राजघराण्याचा सुसंगत इतिहास एका तरुण अभ्यासकाच्या हातून लिहिला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हेरासांच्याच हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिणारा दुसरा विद्यार्थी म्हणजे ह. धी. सांकलिया. त्यांच्यामुळे आपण पुन्हा पुण्याकडे आणि पुनरुज्जीवनाच्या सर्वांत बोलक्या उदाहरणाकडे येतो.

पुण्याचे डेक्कन कॉलेज ही १८२१ च्या संस्कृत पाठशाळेची परंपरा सांगणारी संस्था. १९३४ साली सरकारने खर्चाच्या कारणास्तव ती बंद केली. येथे मंडळ नव्हे, संपूर्ण महाविद्यालयच बंद पडले होते. ते पुन्हा उघडावे म्हणून पुढे आले ते तेथील माजी विद्यार्थी. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचा आधार घेऊन त्यांनी न्यायालयात दाद मागितली, सरकारला आपला निर्णय बदलावा लागला आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. इतिहासाच्या शाखेत सांकलिया आले. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढले. नदीकाठाने चालावे, पांढरीच्या टेकाडावर पडलेली खापरे उचलून पाहावीत, प्रत्येक जागेची नोंद करावी, हाच त्यांचा अभ्यासक्रम. कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नाशिक, जोर्वे, नेवासे येथील उत्खनने याच वाटेने झाली आणि शां. भा. देव, म. के. ढवळीकर यांच्यासारखे अभ्यासक त्या परंपरेत तयार झाले. बंद पडलेली संस्था जशीच्या तशी उघडली नाही, नवे काम घेऊन उघडली, म्हणून ती टिकली. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींनी दार उघडले, पण ते उघडे ठेवले ते नव्या विद्यार्थ्यांच्या श्रमांनी.

त्याच १९३९ साली मुंबई सरकारने धारवाडात कन्नड संशोधन संस्था स्थापन केली. १९४९ च्या कायद्याने कर्नाटक विद्यापीठ अस्तित्वात आले, आरंभी त्याचे कार्यालय मुंबईत होते, ते १९५० साली धारवाडास आले आणि पुढे ही संशोधन संस्थाही विद्यापीठाचा भाग झाली. पां. भी. देसाई, श्रीनिवास रित्ती, अ. सुंदर अशा अभ्यासकांनी येथील इतिहास व पुरातत्त्व विभागाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठी वाचकाने यातील एका गोष्टीची आवर्जून नोंद घ्यावी. १९६८ साली रित्ती यांनी नांदेडचे गो. चिं. शेळके यांच्यासह नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह सिद्ध केला आणि तो नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने प्रसिद्ध केला. पुढे सोलापूरचे आनंद कुंभार यांच्यासह त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचा ग्रंथ काढला. कुंभार हे विद्यापीठातील अध्यापक नव्हते. स्वतःच्या हौसेने गावोगाव फिरून त्यांनी लेख शोधले. या जिल्ह्यांतील कित्येक जुने लेख कन्नड भाषेत आहेत. ते वाचायला धारवाडचा विद्वान हवा होता आणि ते शोधायला सोलापूर-नांदेडकडचा हौशी अभ्यासक हवा होता. दोघे एकत्र आले म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासाचे हे साधन उजेडात आले. धारवाडात राहून कन्नडचे गाढे संशोधक ठरलेल्या शं. बा. जोशी यांनी १९५२ साली 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही याच देवाणघेवाणीचा भाग होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने सीमा आखली, पण दगडावरचे लेख त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना तसेच राहिले. १९८८ साली अखिल भारतीय इतिहास परिषदेचे अधिवेशन धारवाडात भरले, तेव्हा या साऱ्या परिश्रमांची जणू पावतीच मिळाली.

हा वारसा एवढा संपन्न असताना विद्यार्थ्यांचे इतिहास मंडळ पुन्हा उभे करण्याचा प्रश्न का यावा? कारण विद्यापीठाचे विभाग आणि विद्यार्थ्यांचे मंडळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभागात इतिहास हा विषय घेतलेला विद्यार्थी येतो. मंडळात कोणीही यावा, अशी अपेक्षा असते. धारवाडच्या वायव्येस पुणे-बेंगळूरु महामार्गावर बेलूर आहे. हे होयसळांच्या मंदिराचे हासन जिल्ह्यातील बेलूर नव्हे, धारवाडजवळच्या औद्योगिक वसाहतीचे बेलूर. २०१६ साली धारवाडच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे वर्ग सुरू झाले ते याच परिसरातील जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे 'वाल्मी'च्या आवारात. मार्च २०२३ मध्ये संस्थेच्या चिक्कमल्लिगवाड येथील स्वतःच्या संकुलाचे उद्घाटन झाले. मधली वर्षे देशभरातून आलेली तरुण मुले या रस्त्यावर वावरली. यंत्र आणि संगणक शिकायला आलेल्या अशा विद्यार्थ्याला, आपण ज्या मातीवर उभे आहोत ती कोणाकोणाची होती, हे कोण सांगणार?

सांगण्यासारखे तर पावलोपावली आहे. याच रस्त्यावरचे नरेंद्र हे गाव जुन्या लेखांतील कुंदूर होय. गोव्याच्या कदंबांच्या काळातील तेथील शिलालेख विद्वानांनी वाचून प्रसिद्ध केले आहेत. त्याच रस्त्याने पुढे गेले की कित्तूर लागते. तेथे ऑक्टोबर १८२४ मध्ये राणी चेन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. धारवाडपासून जवळच असलेल्या यादवाड येथे शिवछत्रपतींचे म्हणून मानले जाणारे शिल्प आहे आणि त्याची सांगड बेळवडीच्या मल्लम्माच्या कथेशी घातली जाते. या कथेत परंपरा किती आणि पुरावा किती, हे तपासणे हेच तर विद्यार्थी मंडळाचे काम. ते झाले नाही, तर शिल्पाचा उपयोग केवळ फलक लावण्यासाठी आणि वाद घालण्यासाठी होतो. इतिहास वाचणारे कमी झाले की इतिहासावरून भांडणारे वाढतात. सीमाभागातील मराठी आणि कन्नड माणसाला हे निराळे सांगण्याची गरज नाही.

नव्याने उभ्या राहणाऱ्या मंडळाने व्याख्यानमालेऐवजी एका कामापासून आरंभ करावा. उदाहरणार्थ, धारवाडचा वेढा. तिसऱ्या म्हैसूर युद्धात १७९० च्या उत्तरार्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने आणि कॅप्टन लिटलच्या इंग्रजी तुकडीने टिपूच्या ताब्यातील धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. बद्रुज्जमानखानाने तो अनेक महिने लढवला आणि एप्रिल १७९१ मध्ये किल्ला खाली झाला. लिटलच्या तुकडीतील एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने या मोहिमेचा वृत्तान्त लिहिला आणि तो १७९४ साली लंडनमध्ये छापला गेला. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त प्रसिद्ध केली. एकच घटना इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून कशी दिसते आणि मराठी पत्रलेखकाच्या नजरेतून कशी दिसते, हे दोन विद्यार्थ्यांनी दोन पुस्तके समोर ठेवून वाचावे आणि तिसऱ्याने किल्ल्याच्या उरलेल्या खंदकावर आणि दरवाजावर जाऊन पडताळावे. दारूगोळा कोठून आला, रसद किती दिवस पुरली, पावसाने काय केले, हे प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही आपले वाटतील.

अशा वाचनात शास्त्राची गोडी आपोआप लागते. मराठी कागदावरची कालगणना हीच एक शाळा आहे. 'इहिदे तिसैन मया व अलफ' असा सन पत्रावर दिसला की नवशिका थबकतो. इहिदे म्हणजे एक, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, मिळून ११९१. हा शुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात ५९९ मिळवले की सन सुरू होतानाचे इसवी वर्ष मिळते, १७९०. म्हणजे हे पत्र जून १७९० ते जून १७९१ या काळातले, धारवाडच्या वेढ्याच्याच वर्षातले. एका ओळीतून एवढा उलगडा झाला की विद्यार्थी मोडीचा धडा गिरवायला स्वतःहून बसतो. पेशवाईच्या अमलात या प्रदेशाचे हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत होत असत. घराघरांतील असे कागद आज वाचणारा नसल्याने वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत आहेत. मोडी वाचणारा एक तरुण तयार होणे म्हणजे एका दप्तराचा जीव वाचणे होय.

शिलालेखाचे काम तर हाताने शिकायचे. दगड पाण्याने आणि मऊ ब्रशाने स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशाने हलके ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि कागद अर्धवट वाळला की शाईच्या बोंडाने टिपत जायचे. काळ्या पृष्ठभागावर पांढरी अक्षरे उमटतात आणि ठसा तयार होतो. खडूने अक्षरे रंगवणे किंवा लोखंडी वस्तूने घासणे म्हणजे लेखाचा नाश, हेही तेथेच शिकवले जाते. रस्ते रुंद होताना आणि देवळांचा जीर्णोद्धार होताना वीरगळ आणि सतीशिळा जागेवरून हलतात, कधी पायाच्या भरावात जातात. वीरगळ हा शब्द मराठीने कन्नडमधून घेतला, तेव्हा तो दगड जपण्याची जबाबदारीही दोघांनी वाटून घ्यावी. कोणता दगड कोठे होता याची छायाचित्रासह नोंद असली, तर निदान त्याचा पत्ता उरतो. आजच्या विद्यार्थ्याच्या खिशातील भ्रमणध्वनी या कामी वॉल्टर इलियटच्या नकलाकारांपेक्षा अधिक समर्थ आहे. उणीव आहे ती नोंद ठेवण्याच्या शिस्तीची.

आणि येथेच ग्रंथालयाचा संबंध येतो. विद्यार्थी मंडळ दर तीन वर्षांनी नव्या हातात जाते. या हातातून त्या हातात जाताना काम गळू नये, यासाठी ते विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात किंवा प्राध्यापकाच्या घरी न राहता ग्रंथालयात राहिले पाहिजे. पाहिलेल्या प्रत्येक लेखाची, कागदाची आणि स्थळाची अनुक्रमांक घातलेली एक नोंदवही असावी. ठसे आणि छायाचित्रे ठेवण्यासाठी एक कोरडे कपाट असावे. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी वाचनालयातील एक टेबल मंडळाला मिळावे आणि त्या बैठकीत एकाने तरी एक नवी नोंद वाचून दाखवावी. वर्षाअखेर त्या नोंदींची छोटी पुस्तिका निघावी. तिच्या दोन प्रती येथे आणि दोन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाव्यात. अध्यक्ष कोण, कार्यवाह कोण, हा प्रश्न मग गौण ठरतो. चार वर्षे मंडळ बंद पडले तरी पाचव्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला कपाट उघडून शेवटच्या अनुक्रमांकापासून पुढे जाता येईल.

जुन्या मराठी ग्रंथालयांच्या सभासदांत असे अनेक आहेत, ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे रुमालात बांधलेले कागद आहेत. ते ग्रंथालयाला द्यावेत असा आग्रह नाही. मंडळाच्या विद्यार्थ्याला एक दिवस घरी बोलावून तो रुमाल सोडू द्यावा, कागदांची यादी करू द्यावी, एवढे पुरे आहे. आश्रयदात्यांनी सत्कार-समारंभाच्या खर्चातून मोडीच्या एका वर्गाचा खर्च उचलावा. ज्यांना कन्नड चांगले येते अशा सभासदांनी मराठी मुलांना जुन्या कन्नड लेखांची ओळख करून द्यावी आणि ज्यांना मोडी येते त्यांनी कन्नड मुलांना ती शिकवावी. रित्ती, शेळके आणि कुंभार यांनी हेच केले होते.

या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके जपली. पुढच्या शतकाच्या आरंभी त्याने न छापलेल्या कागदांना आणि न वाचलेल्या दगडांनाही एक कपाट द्यावे, आणि त्या कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती ठेवावी.